सहाव्या वर्षीची दाढ

पेणला दवाखाना थाटून मला वर्षही झालं नव्हतं, तेव्हापासून एका वाक्याने माझं डोकं फिरतं. "दुधाचा दात हाय मॅडम, पडंल आपसूक." पोराचा गाल टम्म सुजलेला, पोर रडून दमलेलं, आणि आई शांतपणे मला हे ऐकवणार. मी मुळातच तापट. दातांच्या डॉक्टरने तापट असू नये हे मला कळतं, पण कळून उपयोग काय? मी त्या आयांवर ओरडायचे, मग त्या खट्टू होऊन गेल्या की दिवसभर मलाच चुटपुट लागायची.

कारण चूक त्यांची नसतेच. ती दाढच तशी आहे. मूल सहा वर्षांचं झालं की दुधाच्या दाढांच्या मागे, अगदी शेवटाला, एक नवी दाढ उगवते. तिच्यासाठी कुठला दात हलत नाही, पडत नाही. पुढचा दात पडला की घरभर कौतुक, दात कौलावर फेकायचा, पोराचं बोळकं शेजारणीला दाखवायचं. ही बिचारी मागच्या दाराने येते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. आणि हीच खरी कायमची, म्हातारपणापर्यंत पुरायची. पण सहा वर्षांच्या पोराच्या तोंडातलं सगळं दुधाचंच, असा घरोघरी पक्का समज. त्यामुळे ती किडते तेव्हा कुणी लक्ष देत नाही, आणि लक्ष जातं तेव्हा तिच्यात राम उरलेला नसतो.

मी स्वतः ह्याच समजाच्या तावडीत सापडलेली. माझं लहानपण रोह्यातलं. माझी खालची डावी दाढ किडली तेव्हा आईनेही हेच म्हटलं होतं. दुखलं की लवंग, फार दुखलं की लवंगेचं तेल. असं करत करत मी तेरा वर्षांची झाले, आणि मग आठवड्यातून एकदा बाहेरगावहून येणाऱ्या एका डॉक्टरांनी ती दाढ काढली. काढली ते बरंच केलं, मी तर दुखून दुखून वेडी व्हायची बाकी होते. पण ती जागा तशीच राहिली. मागची दाढ पुढे येताना निम्म्या वाटेवर कलंडली ती कलंडलीच. त्या फटीत काही ना काही अडकतं आणि त्या बाजूने मी साधे शेंगदाणे चावत नाही.

पुढे दातांच्या कॉलेजात एका सरांनी फळ्यावर आकृती काढून सांगितलं, की ही सहाव्या वर्षीची दाढ वाचण्यासारखी नसेल तर ती नऊच्या आसपास काढावी. तेव्हा तिच्या मागची बाराव्या वर्षीची दाढ हाडात तयार होत असते. जागा मोकळी मिळाली तर ती सरकत सरकत पुढे येते आणि पहिलीच्या जागी नीट उभी राहते. चार वर्षं उशीर केला की नाही येत. मी वर्गात बसल्या बसल्या जीभ माझ्या खड्ड्यात घातली, आणि मला रडूच आलं. शेजारच्या मुलीला वाटलं माझा दात दुखतोय.

लग्न होऊन पेणला आले, दवाखाना काढला. मंगळवार आणि शनिवार रोह्याला जायचे, कारण तिथली माणसं मला लहानपणापासून ओळखत होती आणि ओळखीच्या डॉक्टरकडे तोंड उघडायला माणूस कमी घाबरतो. पॅसेंजर गाडीने जायचे, कासू स्टेशन येईपर्यंत पेपर वाचून व्हायचा आणि पुढे नुसती बाहेर बघत बसायचे. दोन्हीकडे तीच दाढ, तीच वाक्यं. रोह्याला कुणाचे अब्बा दुबईहून सुट्टीवर आले की अख्खी आळी महिनाभर चॉकलेटं खायची, आणि पेणला तर काय, चॉकलेटाला कुणाच्या अब्बांची वाटही बघावी लागत नव्हती.

अशातच एका आषाढात हमरापूरचं ते कुटुंब आलं. नवरा-बायको आणि नऊ वर्षांची मुलगी. नवऱ्याच्या कोपरापर्यंत प्लास्टर वाळून पांढरं झालेलं, बायकोच्या उजव्या हाताच्या बोटांना काळा रंग. घरचा गणपतीचा कारखाना. तो साच्यातून मूर्ती काढायचा, सांधे घासायचा. ती डोळ्यांची आखणी करायची. हमरापूरला मूर्ती पुष्कळजण घडवतात, पण आखणीचा हात सगळ्यांना नसतो. एक रेघ जाड झाली तर गणपती रागावलेला दिसतो. त्यामुळे गणपतीच्या आधीचे दोन महिने ती बाई जागची हलत नसे. त्या दिवशी हलली होती, म्हणजे पोर किती रडली असेल ते मी समजले.

मुलीच्या खालच्या डाव्या दाढेची नुसती टरफलं उरली होती.

"दुधाचा हाय ना मॅडम?" बापाने विचारलं. "काढून टाका. दुसरा येईल."

"दुधाचा नाही," मी म्हटलं. "हा कायमचा. काढला तर परत येणार नाही."

बापाने बायकोकडे बघितलं. आई माझ्याशी न बोलता नवऱ्याला म्हणाली, "नऊ वर्सांच्या पोरीला कायमचा दात कसा असंल? इचार त्यांना."

त्या दिवशी मी ओरडले नाही. का कोण जाणे, त्या मुलीकडे बघून माझा आवाजच चढला नाही. दवाखान्यातल्या मशीनवर त्या बाजूचा एक्स-रे काढला, धुतला आणि ओलाच खिडकीशी धरून दोघांना दाखवला. बापाने मान डोलावली, पण त्याला काही कळलं नाही हे मला दिसत होतं. आई पुढे आली. ती त्या इवल्याशा फिल्मकडे इतका वेळ बघत राहिली, की माझा हात दुखायला लागला.

"ही कोर कसली?" तिने बोट न लावता विचारलं.

मी चाटच पडले. कॉलेजात ती कोर दिसायला मला सहा महिने लागले होते. मागच्या, अजून हिरडीखाली असलेल्या दाढेची मुळं फुटायला लागली की दोन मुळांच्या मधोमध चंद्रकोरीसारखी बारीक पांढरी रेघ दिसते. ती दिसली म्हणजे वेळ आली. मी तिला हे सगळं सांगितलं. पुढची आत्ता काढली तर मागची तिच्या जागी येते. फार लवकर काढली तर भलतेच दात त्या जागेत पसरतात. उशीर केला तर मागची वाकडी होते आणि फट राहते. माझी फट दाखवली. तोंड उघडून, बॅटरी मारून दाखवली. डॉक्टरनेच आ केलेला बघून मुलगी पहिल्यांदा हसली.

"येतेच ना पन?" आईने विचारलं.

"बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?"

आता खोटं बोलायचं तर मला जमलं असतं. पण मी सांगितलं, की वरच्या जबड्यात जवळजवळ नेहमी येते, खालच्या जबड्याचं तेवढं सांगता येत नाही. ही खालची आहे. दाढेच्या मुळात औषध भरून, वर टोपी घालून ती काही वर्षं टिकवताही येईल, पण ह्या टरफलावर टोपी किती टिकणार? विशी गाठायच्या आत तुटली, तर मग फट कायमची. आई ऐकत होती. शेवटी नवऱ्याला म्हणाली, "पोरीच्या तोंडात भोक पडलं तर ते जलमभर दिसंल. ह्यांना सांग, लिवून द्या म्हनावं."

"लिहून नाही देता येणार," मी म्हटलं.

"मंग गनपती होऊ दे," ती म्हणाली आणि उठली.

मी दाढेत औषध भरून दुखणं थांबवलं. दोन महिन्यांनी काही बिघडत नव्हतं. खरं तर ते येणार नाहीत असंच मला वाटलं होतं. पण विसर्जन झालं आणि पुढच्याच आठवड्यात तिघंही हजर. मुलीला तिच्या आईने तयार करून आणलं होतं, दोन वेण्यांवर अबोलीचा गजरा वगैरे. दाढ काढायला पाच मिनिटंही लागली नाहीत. मुलीने कापूस दाबलेल्या तोंडाने खुणेने दाढ मागितली, कौलावर टाकायला. आईने ती माझ्या हातून घेतली, पदराच्या टोकात बांधली आणि म्हणाली, "कौलावर नको टाकूस. हा येनार नाय." तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर ती बाई माझ्याकडे आली नाही. दर सहा महिन्यांनी बाप मुलीला घेऊन यायचा. मी तिच्या खालच्या दातांचं माप घ्यायचे. गुलाबी लगदा पत्र्याच्या चमच्यात भरून दातांवर दाबायचा, घट्ट झाला की काढायचा, आणि त्यात प्लास्टर ओतून दातांची प्रतिकृती करायची. त्यावर तारीख टाकून कपाटात ठेवायची. पहिल्या सहा महिन्यांनंतरच्या प्रतिकृतीत फरक शून्य. खड्डा जसाच्या तसा, करंगळीचं टोक बसेल एवढा. वर्षाने तसाच म्हणायचा.

त्या वर्षी मला त्या खड्ड्याने पछाडलं. रोह्याच्या गाडीत बसलं की तोच विचार. आपण पोरीची कायमची दाढ काढली, आणि कशाच्या जोरावर? फळ्यावरच्या आकृतीच्या? शिवाय आणखी एक गोष्ट मला खात होती. सर म्हणायचे, खालची काढली की तिच्या समोरची वरचीही काढावी, नाहीतर तिला खाली टेकू राहत नाही आणि ती हळूहळू खाली लोंबते, मग येणाऱ्या दाढेची वाट अडते. पण पोरीची वरची दाढ मोत्यासारखी होती. चांगली दाढ काढायला माझा हात धजावला नाही. आता ती वरची थोडीशी खाली आल्यासारखी वाटायची. की मलाच तसं दिसत होतं? मी घरी चिडचिड करायचे, भाजीत मीठ दोनदा घालायचे, आणि विचारलं तर काही नाही म्हणायचे.

दीड वर्षाने मात्र चमत्कार झाला. म्हणजे चमत्कार नव्हे, व्हायचं तेच झालं, पण मला तो चमत्कारच वाटला. मागच्या दाढेची दोन टोकं हिरडीतून वर आली होती, आणि एरवी ती जिथे उगवली असती त्याच्या बरीच पुढे. खड्डा निम्मा झाला होता. मी खुर्चीवरून उठून मुलीचा गालगुच्चा घेतला. मग मला वाटलं, हे हिच्या आईला दिसलं पाहिजे. तोंडाने सांगून तिचा विश्वास बसणार नाही, पण ती नजरेची बाई आहे, दोन प्रतिकृती शेजारी ठेवल्या तर तिला लगेच कळेल. मी पहिली आणि ताजी अशा दोन्ही प्रतिकृती कागदात गुंडाळून बापाच्या हवाली केल्या. "घरी दाखवा आणि परत आणा," एवढंच सांगितलं. ह्या एवढ्याच बोलण्यात माझी चूक झाली. प्लास्टरची वस्तू हमरापूरला पाठवताना माणसाने जास्त बोलायला हवं होतं.

आठवड्याने तो हसतमुखाने आला. टेबलावर कागद सोडला. आत दोन जबडे होते, ते मी ओळखलेच नाहीत. माझ्या प्रतिकृती खडबडीत असायच्या, प्लास्टरमध्ये हवेचे बुडबुडे राहून जागोजागी भोकं पडलेली. ती भोकं सगळी बुजवली होती. पॉलिश पेपर मारून दात गुळगुळीत केले होते. हिरड्यांना सुंदर गुलाबी रंग, तोही खाली गडद आणि दातांजवळ फिका होत गेलेला. वरून चकाकी. आणि दोन्हींतल्या खड्ड्यात एकेक दाढ बसवली होती. काय दाढ होती! चारही टोकं, मधल्या खाचा, सगळं बिनचूक. माझ्या परीक्षेत मी मेणाची दाढ कोरली होती, तिला इतके मार्क मिळाले नसते.

"मॅडम, तुमच्या मालात बुडबुडे लय व्हते," तो म्हणाला. "सगळे भरले. आनि दोन्हीत एक एक दात कमी पडलेला, तो बसवून दिला. दुसऱ्या बाजूचा बघून केलाय. रंग हिनं दिला."

माझ्या दीड वर्षाच्या पुराव्याची दोन्ही टोकं त्या गुलाबी रंगाखाली गेली होती. मापं मी कार्डावर लिहून ठेवलेली नव्हती. प्रतिकृती आहेच की कपाटात, मग लिहायचं कशाला, असा माझा आळस. माझ्या डोक्यात जाळ झाला. मी तोंड उघडलं, ओरडायला. समोर तो माणूस शाबासकीची वाट बघत उभा. दोघांनी आपलं काम सोडून आठ दिवस त्या दोन जबड्यांवर घालवले असणार. माझ्या तोंडून आवाज निघाला तो हसण्याचा. मी इतकी हसले की बाहेर बसलेले पेशंट डोकावून बघायला लागले, आणि तोही हसायला लागला, कशाला ते न कळता.

हसून झाल्यावर मी त्याला सगळं समजावलं. तो एवढासा झाला. मग म्हणाला, "तरी मॅडम, बुडबुडे बरोबर नाय." माझ्या मोरीपाशी उभा राहून त्याने मला प्लास्टर शिकवलं. पाण्यात प्लास्टर टाकायचं, प्लास्टरमध्ये पाणी नाही. आधी पातळ घोळ ब्रशने सगळ्या कोपऱ्यांत लावायचा. मग साचा टेबलावर ठोकत ठोकत एकाच बाजूने ओतत जायचं, म्हणजे हवा दुसऱ्या बाजूने निघून जाते. हे मला कॉलेजातही शिकवलं होतं, पण कॉलेजातलं शिकवणं कानाने ऐकलं होतं. त्या दिवसापासून माझ्या प्रतिकृतीत एक बुडबुडा नाही. रोह्याला कवळी बसवायला येणारी म्हातारी माणसंसुद्धा म्हणायला लागली की बाईचा हात सुधारला.

जाताना तो दाराशी थांबला. "हिनं इचारलंय," तो म्हणाला, "असंच दिसनार ना शेवटी? म्हंजे आमी केलंय तसं?"

माझं हसू तिथेच विरलं. मी त्यांना पुरावा पाठवला होता आणि त्यांच्या घरात तो वचन होऊन बसला होता. त्या बाईने स्वतःच्या हाताने रंगवलं होतं, तिची मुलगी कशी दिसणार ते. "बहुतेक," मी पुन्हा म्हटलं. ह्या वेळी तो शब्द मलाच फार तोकडा वाटला.

पुढे दाढ वर येत गेली. मुलगी अकराची झाली, बाराची झाली, उंच झाली, दोन वेण्यांची एक वेणी झाली. वरच्या दाढेने माझा मान राखला. जराशी खाली आली होती, पण खालची वेळेवर वर आल्यामुळे तिथेच थांबली. खालची मात्र येता येता थोडी कलली. तिच्या आणि पुढच्या दातामध्ये फट उरली, तांदळाचा दाणा बसेल एवढी. तेवढीशी फट म्हणजे काहीच नाही, असं दुसऱ्या कुणालाही मी सांगितलं असतं. पण ती फट सहा महिन्यांनी तशीच, वर्षाने तशीच म्हणावी अशी. मुलीला कशाचंच सोयरसुतक नव्हतं. ती त्या बाजूने चिंबोरीच्या नांग्या फोडायची आणि हे मला अभिमानाने सांगायची. मी तिला रागवायचे, नांग्या फोडायला दगड नाहीत का हमरापूरला? ती तोंड उघडं ठेवूनच हसायची.

मग आठ-नऊ महिने ते आलेच नाहीत. मी निरोप पाठवला नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंच नव्हतं. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही, पण डॉक्टरलाही कधी कधी वाटतं की न बघितलेली फट नसल्यातच जमा.

आले ते गणपती झाल्यावर, आणि तिघंही. चार वर्षांनी ती बाई माझ्या दवाखान्याची पायरी चढली. बोटांना काळा रंग होताच. ती खुर्चीशेजारी उभी राहिली आणि सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "चार वर्सं झाली. आता काय ते दाखवा मॅडम."

मी हात धुतले, नेहमीपेक्षा जास्त वेळ. मुलगी आता तेरा वर्षांची होती, आपण होऊन खुर्चीत मागे रेलली. आरसा घातला. मी दाढा मोजल्या. मग पुन्हा मोजल्या. दोन दातांमध्ये फिरवायचा बारीक दोरा असतो, तो त्या जागी घातला. तो आत जाईना. जरा जोर केल्यावर टक्कन आवाज करून गेला, जसा कुठल्याही दोन शेजारी दातांत जातो. तांदळाचा दाणा कुठे गेला होता देव जाणे. दाढ सरळ उभी होती. मी खूष झाले होते, इतकी की माझा हात थरथरत होता, आणि थरथरता हात पेशंटला दिसू नये म्हणून मी तो खिशात घातला.

माझ्या गप्प बसण्याचा बापाने वेगळाच अर्थ घेतला. "ऱ्हायली ना फट?" तो म्हणाला. "बघू, उजव्या बाजूला ना?"

"डाव्या," मुलगी म्हणाली. मग जीभ फिरवून म्हणाली, "नाय, उजव्या. नाय... बाबा, कुठला काढला होता?"

"उजवा गो. मीच तर व्हतो तिथं."

"तुम्ही बाहेर होतात. आई होती आत."

दोघं भांडायला लागले. कार्ड माझ्या समोरच होतं, पण मी ते उलटं करून ठेवलं. मला ते भांडण ऐकायचं होतं. आई मात्र मोरीपाशी गेली, साबणाने हात धुतले, रंगाचं बोट घासघासून धुतलं आणि परत येऊन मुलीला म्हणाली, "आ कर." तिने डोळे मिटले. मूर्ती रंगवायला घेण्याआधी सांध्याची रेघ कुठे राहिली तर नाही, हे त्या बायका अशाच डोळे मिटून बोटाने बघतात. तिचं बोट खालच्या डाव्या बाजूने गेलं, शेवटापर्यंत, परत आलं. मग उजव्या बाजूने. मग पुन्हा डाव्या बाजूला, आणि तिथे थांबलं. ती बाजू विसरली नव्हती.

"काय लागत नाय," ती म्हणाली. तिने पुन्हा एकदा बोट फिरवलं. "कायच लागत नाय."

तिने बोट काढलं, पदराला पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. आमच्याकडे बाई बाईला ज्या हक्काने बोलते, तसं मला, पेशंट असो वा पेशंटची आई, दवाखान्यात कुणी बोलत नाही. सगळ्यांना मी मॅडम. तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती, दोन्ही एकदमच.

"मंग चार वर्सं आमाला घाबरवलंस कशाला गो?" ती म्हणाली.

"मी पण घाबरले होते," मी म्हटलं.

तिने माझा खिशातला हात ओढून बाहेर काढला. तो अजून थरथरत होता. तिने तो आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही.